बॉनेट उघडत नाहीये? आधी लिव्हर काय सांगतोय ते बघा

मागच्या एपिसोडला आपण टायरवर बोललो होतो, आज बॉनेट. आणि बॉनेट म्हणजे त्याच्या आतलं इंजिन नाही हां, नुसतं बॉनेट. म्हणजे ते जे झाकण आहे, ते उघडतच नाही तेव्हा काय करायचं, एवढाच आजचा विषय. ऐकायला फारच छोटा वाटतोय, मला कल्पना आहे. पण जरा विचार करा. कूलंट बघायचंय, बॉनेटखाली. बॅटरी उतरलीये, बॉनेटखाली. ऑइल, वायपरचं पाणी, मोठे फ्यूज, सगळं त्याच झाकणाखाली. आणि ते झाकण उघडतं कशावर? एका बारीक तारेवर.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सर्व्हर रूमची एकुलती एक चावी सर्व्हर रूममध्येच ठेवून दार ओढून घेतलं, तसला प्रकार. गाडीत काय बिघडलंय ते बघायला बॉनेट उघडायला हवं, आणि बॉनेटच बिघडलंय.

तर आधी ते चालतं कसं ते समजून घेऊ, कारण ते एकदा डोळ्यासमोर आलं की पुढचे सगळे उपाय तुम्हाला स्वतःलाच सुचतील, माझी गरज नाही.

बॉनेटच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, एक यू आकाराची जाड सळई असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. ती खाली येऊन जिथे अडकते ते लॅच, आपले मेकॅनिक त्याला सरळ लॉक म्हणतात. हे लॉक रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बहुतेक गाड्यांत बरोबर मधोमध, बसवलेलं असतं. त्यात एक फिरणारा आकडा आहे आणि त्या आकड्याला धरून ठेवणारा एक खटका आहे. तुम्ही बॉनेट आपटलं की सळई आकड्याला खाली ढकलते, आकडा फिरतो, खटका त्याच्यामागे टक् करून बसतो. झालं, बंद. आता तुम्ही आत बसून लिव्हर ओढला की तार खटक्याला बाजूला खेचते, आकडा सुटतो, आणि स्प्रिंग बॉनेटला दोन-तीन सेंटीमीटर वर उडवते. तो जो "धप्प" असा आवाज येतो ना, तो हाच.

ही तार म्हणजे बाउडन केबल. नाव मोठं आहे, पण वस्तू तुम्ही लहानपणापासून बघितलीये. सायकलच्या ब्रेकची वायर. बाहेर प्लास्टिक चढवलेली नळी, आत पीळ घातलेली स्टीलची तार, टोकाला एक गोळी. बस. लाखो रुपयांच्या गाडीचं बॉनेट सायकलच्या ब्रेकच्या वायरवर उघडतं. मला हे कळलं तेव्हा गंमतही वाटली आणि थोडी धास्तीही.

अजून एक भाग राहिला. बॉनेट वर उडालं तरी पूर्ण उघडत नाही, तुम्ही फटीतून बोटं घालून काहीतरी चाचपडता, डावीकडे सरकवता किंवा वर दाबता, मग उघडतं. तो दुसरा आकडा, सेफ्टी कॅच. त्याला केबलचा संबंध नाही, तो हातानेच सोडायचा. पहिलं लॉक चालू गाडीत सुटलं तर बॉनेट वाऱ्याने उलटून थेट काचेवर येऊ नये म्हणून तो असतो. अमेरिकेत तर पुढून उघडणाऱ्या बॉनेटला ही दुसरी अडकण हवीच असा सरकारी नियम आहे, एफएमव्हीएसएस ११३ नावाचा. आणि हा छोटा आकडा किती महत्त्वाचा, ते निसानला विचारा. त्यांच्या २०१३ ते २०१८ मॉडेलच्या अल्टिमा गाड्यांत या दुसऱ्या आकड्याचा रंग घासून निघायचा, खालचं लोखंड गंजायचं, आणि आकडा उघड्या स्थितीतच अडकून बसायचा. त्यासाठी एकट्या अमेरिकेत अठरा लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण काय? निघालेला रंग आणि गंज.

बरं. आता मुद्द्यावर.

तुमचं बॉनेट उघडत नाहीये. पहिली गोष्ट, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. बॉनेटच्या कडेत पहार, सळई, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. बॉनेटचा पत्रा खूप पातळ असतो, तो वाकतो, रंग उडतो, आणि लॉक मात्र तिथेच हसत बसतं. लॉक मधोमध, तुम्ही कडेला जोर लावणार, काय उपयोग? आता लिव्हर ओढा आणि हाताला काय लागतंय ते बघा. इथे अर्ध निदान होतं.

हां, त्याच्याही आधी, तो लिव्हर बॉनेटचाच आहे ना? हसू नका. शेजारी पेट्रोलच्या झाकणाचा लिव्हरही असतो, आणि दर वेळी तोच ओढून "उघडत नाही, उघडत नाही" करणारी माणसं मी बघितली आहेत. काही युरोपियन गाड्यांत तर बॉनेटचा लिव्हर डाव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पायाशी असतो. मुळात डाव्या स्टिअरिंगची गाडी, आपल्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे आणलं, लिव्हर तिथेच राहिला. नवी गाडी घेतली असेल तर मॅन्युअल उघडून एकदा बघा.

तर, हाताला काय लागतंय.

लिव्हर अगदी नेहमीसारखा, थोडा ताण देत येतोय, पण बॉनेट उडत नाही. याचा अर्थ केबल बहुधा ठीक आहे, लॉक अडकलंय. धूळ, चिखल, वाळलेलं ग्रीस, गंज. किंवा केबल वर्षानुवर्षं ओढून किंचित लांबलीये, त्यामुळे खटका पूर्ण सरकत नाही, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कमी पडतात. यावरचा उपाय फुकट आहे आणि बरेचदा लागू पडतो. दोन माणसं लागतात. एकाने आत बसून लिव्हर ओढून धरायचा, सोडायचा नाही, धरूनच ठेवायचा. दुसऱ्याने बाहेर उभं राहून बॉनेटवर, बरोबर लॉकच्या वर, तळहाताने खाली दाबायचं. दाबायचं आणि सोडायचं. गरज पडली तर तळहाताने थोडी थाप द्यायची.

लोकांना हे उलटं वाटतं. उघडायचंय तर खाली का दाबायचं? कारण असं आहे की बॉनेटखाली रबराचे ठोकळे आणि कडेने रबराची पट्टी असते. ती बॉनेटला सतत वर ढकलत असते. तो सगळा ताण आकड्यावर येतो आणि आकडा खटक्यावर घट्ट रुतून बसतो. तुम्ही दाबलं की तो ताण क्षणभर जातो, खटका मोकळा होतो आणि आधीच ओढून धरलेली केबल त्याला बाजूला घेते. घराची कडी अडकली की आपण दार आधी स्वतःकडे ओढतो, मग कडी काढतो ना? तेच हे.

एकटे असाल तर लिव्हर ओढलेल्या स्थितीत अडकवून ठेवायला काहीतरी जुगाड करा, दोरी, लाकडाचा तुकडा, काहीही, आणि मग बाहेर जाऊन दाबा. फक्त प्लास्टिकचा लिव्हर तुटेल एवढं ताणू नका.

दुसरी शक्यता, लिव्हर अगदी ढिला, हवेत ओढल्यासारखा हातात येतो. म्हणजे केबल तुटली, किंवा टोकाची गोळी खाचेतून निसटली. आधी लिव्हरच्या बाजूला बघा, मोबाइलचा टॉर्च लावून, डॅशबोर्डच्या खाली मान घालून. बऱ्याचदा इथेच प्लास्टिक तुटलेलं असतं आणि तार आत शाबूत लोंबत असते. मग पक्कड घ्या, तारेचं टोक पकडा आणि सरळ रेषेत खेचा. वाकडं खेचलं तर तार नळीच्या तोंडाशी घासते आणि तिथेच तुटते. उघडलं की नशीब तुमचं.

तिसरी, लिव्हर दगडासारखा घट्ट. नळीत पाणी शिरून तार गंजलीये, किंवा कुठेतरी केबल दुमडली गेलीये. उंदीर हा यातला मोठा कलाकार आहे बरं का. बाहेरचं प्लास्टिक कुरतडतो, मग पावसाळाभर पाणी आत जातं. इथे जोर करायचा नाही. जोर केला की पहिला बळी प्लास्टिकच्या लिव्हरचा. आतल्या टोकाकडून स्प्रे मारा, थांबा, हलके हलके पुढे-मागे करा, परत स्प्रे. घाई नको.

आणि चौथी, जी लोक गांभीर्याने घेत नाहीत: लिव्हर ओढला आणि तो परत जागेवर येतच नाही. यात बॉनेट उघडतं, पण बंद होताना नीट लॉक होत नाही, कारण खटका उघडाच राहिलाय. अशी गाडी चालवायची नाही. दुसऱ्या आकड्यावर भरवसा ठेवून एक्सप्रेसवेला जाणार असाल तर अल्टिमाची गोष्ट आठवा.

आता यातलं काहीच चाललं नाही तर? मग लॉकपर्यंत बाहेरून पोचायचं. याचे दोन रस्ते आहेत, एक पुढून ग्रीलमधून आणि एक खालून. ग्रीलच्या जाळीतून टॉर्च मारला तर काही गाड्यांत लॉक चक्क दिसतं. लांब स्क्रूड्रायव्हर किंवा टोक वाकवलेली जाड तार घालून खटक्याचा दांडा केबल ज्या दिशेने खेचते त्याच दिशेने सरकवायचा. काम सोपं वाटतं, पण लक्षात ठेवा, लॉकच्या मागे लगेच रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर आहे. त्यांच्या जाळ्या इतक्या नाजूक की स्क्रूड्रायव्हर सटकला की भोक. केबलच्या खर्चात कंडेन्सरचा खर्च वाढला. म्हणून मध्ये जाड पुठ्ठा सरकवता आला तर सरकवा, नाही तर हे काम ज्याचा हात बसलाय त्याला करू द्या.

इंजिन पूर्ण थंड हवं, चावी काढलेली हवी. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो, काही गाड्यांत गाडी बंद असतानाही तो गरम इंजिनमुळे आपोआप सुरू होतो. तुमचं बोट त्याला ओळखत नाही.

खालून जायचं तर आणखी एक गोष्ट, आणि ही मी जरा आवाज चढवून सांगतोय: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. डिकीत मिळतो तो जॅक टायर बदलण्यापुरता असतो. खाली जायला जॅक स्टँड हवेत, रॅम्प हवा, किंवा गॅरेजचा खड्डा.

खड्ड्यावरून आठवलं, हा एपिसोड ज्यामुळे सुचला ती गोष्ट सांगतो. माझा आतेभाऊ चिपळूणजवळ राहतो, स्वतःची एकच गाडी आहे, ती भाड्याने चालवतो. त्याची ठरलेली भाडी आहेत काही. त्यातलं एक म्हणजे गावातल्या एक आजी, त्यांना सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला चिपळूणला न्यायचं. सकाळी सातला मशीनवर त्यांचा नंबर असतो. डायलिसिस म्हणजे "आज नको, परवा जाऊ" असं नसतं, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना माहितीये.

तर जुलैमधला रविवार, संध्याकाळ, पाऊस. मी तिकडे गेलेलो होतो. दादा बाहेरगावचं भाडं सोडून आला आणि म्हणाला, घाटात काटा वर चढत होता. गाडीखाली हिरवे थेंबही पडलेले. म्हणजे कूलंट गळतंय. साधी गोष्ट, गाडी थंड झाली की बॉनेट उघडायचं, बघायचं. तासाभराने त्याने लिव्हर ओढला आणि तो सरळ हातात आला. आतली तार गेलेली.

"तू इंजिनिअर ना, बघ की," दादा म्हणाला.

"दादा, मी कॉम्प्युटरवाला."

"मग काय उपयोग तुझा?"

आम्ही मी मघाशी सांगितलं ते सगळं केलं. पक्कड लावून ओढलं, तर हातभर तार बाहेर आली आणि तिचं दुसरं टोक तिच्याबरोबर. म्हणजे मध्येच कुठेतरी तुटलेली. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला फोन केला. ते म्हणाले, टो करून आणा, पुढचं बंपर-ग्रील सगळं उतरवावं लागेल, क्लिपा तुटतील त्या नवीन, केबल नवीन, साधारण साडेअकरा हजार, आणि गाडी मंगळवारी संध्याकाळी मिळेल. दादा ऐकून गप्प बसला. पैशाचं तर होतंच, पण सोमवारी सकाळी सातचं काय? त्याने दोघा ओळखीच्या ड्रायव्हरना फोन लावले, एकाची गाडी मुंबईला, दुसरा उचलेना.

मग आम्ही नाक्यावरच्या एका काकांकडे गेलो. टेम्पो आणि रिक्षा दुरुस्त करतात, शेडमध्ये खड्डा आहे. गाडी दोन किलोमीटर होती, इंजिन थंड करून, काट्यावर नजर ठेवत हळूहळू नेली. काकांनी पहिलं काय विचारलं असेल?

"किती वेळा ओढलास?"

"दहा-बारा वेळा असेल," दादा म्हणाला.

"आता ओढू नको. बस तिकडे."

ते खड्ड्यात उतरले, इंजिनखालची प्लास्टिकची प्लेट असते तिचे सहा-सात स्क्रू काढले, पुढची बाजू खाली लोंबती केली. मग एक हात रेडिएटरच्या बाजूने वर घातला, कोपरापर्यंत. दुसऱ्या हाताने त्यांनी एक लांब सळई आत सरकवली, तिचं टोक त्यांनी आधी पक्कडीने आकड्यासारखं वाकवून घेतलं होतं. टॉर्च मी धरला होता, पण त्यांचं टॉर्चकडे लक्षच नव्हतं, डोळे मिटून बोटांनी चाचपत होते. मला म्हणाले, "वर जा आणि मी सांगीन तेव्हा दाब." मी बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून उभा. "दाब." दाबलं. काही नाही. "सोड. परत." काही नाही. असं पाच-सहा वेळा. मग एकदा ते म्हणाले, "जरा डावीकडे," आणि मी डावीकडे दाबलं, आणि धप्प.

सव्वानऊ वाजले होते. गळती कुठे होती म्हणाल, तर होज पाइपचा क्लॅम्प ढिला झाला होता. दोन मिनिटांचं काम. तो आवळला, कूलंट भरलं. त्या क्लॅम्पपर्यंत पोचायला तीन तास गेले होते.

पण मला शिकायला मिळालं ते याच्यानंतर. दादा उत्साहात बॉनेट खाली आपटायला निघाला तर काकांनी हात धरला. "बंद करशील, आणि उद्या कसं उघडशील?" केबल अजून तुटलेलीच होती ना! रविवारी रात्री नवीन केबल मिळणार नव्हती. मग त्यांनी रिक्षाच्या क्लच वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक लॉकच्या खटक्याला नीट बांधलं, आणि दुसरं टोक ग्रीलच्या मागे असं आणून ठेवलं की बोट घातलं की सापडेल, पण बाहेरून येणाऱ्याला दिसणार नाही. मग बॉनेट बंद न करताच एक चाचणी घेतली. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने आकडा खाली ढकलला, जणू काही सळईच आली आहे असा. टक्. लॉक झालं. मग वायर ओढली. सुटलं. असं चार वेळा केलं. मगच बॉनेट बंद केलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर टाकण्याआधी टेस्ट केलं. ही चाचणी मी तुम्हा सगळ्यांना सांगीन, लॉकला, केबलला काहीही हात लावला असेल तर बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॉक बंद करून बघा, लिव्हरने उघडून बघा. नाहीतर दुरुस्त केलेलं बॉनेट तुम्ही स्वतःच परत कोंडाल. आणि बॉनेट बंद करायच्या आधी आकडा परत मोकळा केलाय ना, तेही बघा. बंद आकड्यावर बॉनेट आपटलं तर सळई आणि लॉक दोन्ही वाकतील.

काकांनी अडीचशे रुपये घेतले. आजी सोमवारी वेळेत पोचल्या. नवीन केबल बुधवारी आली, लॉक साफ करून ग्रीस लावून घेतलं, आणि ती रिक्षाची वायर दादाने काढू दिली नाही, अजून तिथेच आहे.

आता मोठ्या गॅरेजवाल्यांची बाजूही सांगतो, कारण एकतर्फी बोलणं बरोबर नाही. काही गाड्यांत खालून हात जातच नाही, पुढचं बंपर उतरवावंच लागतं, आणि बंपर उतरवणं हे खरंच वेळखाऊ काम आहे. मला खटकलं ते एवढंच की गाडी न बघता, फोनवरच सगळ्यात महागडा मार्ग पहिला सांगितला. तुम्ही विचारा. "आधी खालून प्रयत्न कराल का?" हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर काय येतं ते बघा.

हायवेवर हे झालं तर? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर आहे, सेव्ह करून ठेवा. तुमच्या इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्यात टोइंग बहुतेक असतं, पॉलिसी एकदा उघडून वाचा. आणि बॉनेटमधून वाफ येत असेल तर उघडायची घाई करू नका, गाडी बाजूला घ्या, बंद करा, थंड होऊ द्या. वाफेऐवजी धूर आणि जळका वास असेल तर बॉनेटशी झगडायचंच नाही. सगळ्यांना उतरवा, लांब जा, ११२ लावा. आग आतमध्ये असेल तर बॉनेट उघडणं म्हणजे तिला हवा देणं. त्या वेळी बॉनेट अडकलेलं असेल तर उलट बरंच आहे.

चालत्या गाडीत बॉनेट उडालं तर करकचून ब्रेक नको. गाडी सरळ धरा, हळूहळू वेग कमी करा, हॅझर्ड लावा. बऱ्याच गाड्यांत बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मध्ये खाली फट राहते, तिच्यातून किंवा बाजूच्या खिडकीतून बघत कडेला घ्या.

परदेशात ऐकणाऱ्या मंडळींसाठी एक ओळ. कॅनडा-जर्मनीकडे थंडीत कडेचं रबर आणि लॉक गोठतं. तिथेही दाबून सोडण्याचीच युक्ती, बर्फाची पकड सुटते. उकळतं पाणी ओतू नका, काच तडकू शकते आणि ते पाणी पुन्हा गोठतं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये जुन्या फोर्ड फोकसचं बॉनेट तर पुढच्या लोगोमागे चावी घालून उघडायचं. लिव्हर नाहीच. ते कुलूप गंजलं की पुढचं तुम्हीच समजा.

आणि ज्यांना वाटतंय की इलेक्ट्रिक गाडी घेतली की सुटलो, त्यांच्यासाठी. टेस्लाच्या गाड्यांत बॉनेट स्क्रीनवरून, विजेवर उघडतं. ती वीज येते छोट्या लो व्होल्टेज बॅटरीतून. ती बॅटरी मेली की? मॉडेल ३ मध्ये पुढच्या टो हुकच्या झाकणामागे दोन वायरी लपवून ठेवल्यात, तिथे बाहेरून बारा व्होल्टचा पुरवठा जोडला की बॉनेट उघडतं. चांगली सोय आहे, पण मालकांपैकी कितींना माहिती असेल? आणि २०२४ च्या जुलैमध्ये टेस्लाने अमेरिकेत अठरा लाखांच्या वर गाड्यांचं रिकॉल काढलं, कारण बॉनेट उघडं राहिलंय हे लॉकच्या सेन्सरला कधी कधी कळतच नव्हतं. उपाय काय केला? सॉफ्टवेअर अपडेट. माझ्या धंद्यातली माणसं यावर खूश झाली. मला विचाराल तर बॉनेटच्या बाबतीत मी अजून पाना-पक्कडवाल्यांच्या पार्टीत आहे.

आपल्याकडच्या जुन्या ओम्नीवाल्यांना मात्र ही कटकट कमी होती, इंजिनच पुढच्या सीटखाली. सीट उचला, बघा. नॅनोचं इंजिन मागे. बुड भाजायचं ते वेगळं.

जाता जाता काळजी काय घ्यायची. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, लॉक स्वच्छ करा. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारा, जुन्या ब्रशने घासा, फडक्याने पुसा, आणि त्यावर ग्रीस लावा. लोक स्प्रे मारून थांबतात. तो स्प्रे घाण आणि गंज सोडवायला उत्तम, पण पातळ असतो, टिकत नाही. वंगणाचं काम ग्रीसच करणार. दुसरा आकडा विसरू नका, तो बोटाने हलवून सोडला की स्वतःहून परत आला पाहिजे. आळसावल्यासारखा येत असेल तर तिथेही ग्रीस.

बॉनेट बंद करताना दोन्ही हातांनी दाबून बसवू नका, पत्रा चेपतो. साधारण वीतभर उंचीवरून सोडून द्या, स्वतःच्या वजनाने बसतं. ज्यांत गॅसचे दांडे आहेत त्यांत थोडं ढकलावं लागतं. मग एकदा उचलून बघा, बसलंय ना.

सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हा दलालाने आधीच बॉनेट उघडून ठेवलेलं असेल, तर गोड बोलून बंद करायला सांगा आणि स्वतः लिव्हर ओढा. एकदा नाही, तीन वेळा. लिव्हर घट्ट आहे का, परत जातो का. मग लॉकच्या आसपास पक्कडीचे ओरखडे, ग्रीलच्या क्लिपा नव्या, बॉनेटची पुढची कड किंचित वर उचललेली, यातलं काही दिसलं तर कुणीतरी आधी उचकटलंय, किंवा पुढून ठोकर बसलीये आणि लॉक सरळ रेषेत नाही. विचारा. उत्तर देताना माणूस कुठे बघतो ते बघा आणि किंमत पाडा.

तुमच्या गाडीचा लिव्हर आज ओढून बघा आणि हाताला काय लागलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, चांगले किस्से पुढच्या वेळी ऐकवतो. पुढचा एपिसोड उंदरांवर, कारण बॉनेट उघडल्यावर आत काय सापडतं हा वेगळाच विषय आहे.